हिला टायपिंगमधून मुक्त केलं त्याची हकिकत

१ तारीख, सोमवार, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या लेखकांच्या रोजनिश्या त्यांच्या पश्चात सापडतात. सापडायची तर आधी लिहायला हवी.
माझं पुस्तक येतंय! 'तिची बाजू'. सहा वर्षं मासिकात चालवलेल्या सदराचे बहात्तर लेख. समाजानं आणि कथा-कादंबऱ्यांनी बाईला कसं कोपऱ्यात बसवलं, हा विषय. संपादकबाईंना शेवटी एक नवं प्रकरण हवंय. वीस पानं, तीस तारखेपर्यंत. नाही दिलं तर पुस्तक पुढच्या वर्षावर. वीस पानं म्हणजे माझ्या हातचा मळ.
लगेच बसलो. पहिलं वाक्य: 'कादंबरीकारांनी स्त्रीला चहा आणून देण्यापुरतेच वापरले, ही अत्यंत खेदाची बाब होय.' वाक्य संपतंय तोच चहा आला. साखर कमी. लिंक तुटली.

३ तारीख, बुधवार
आंघोळ करताना एकदम लाज वाटली. माझे लेख टाइप कोण करतं? ही! मी कागदावर लिहितो, ही कॉम्प्युटरवर उतरवून मासिकाला पाठवते. कुठे अक्षर लागलं नाही तर मनाचं एखादं वाक्य घालते म्हणे. मी चालवून घेतो. छापून आलेलं वाचत नाही. स्वतःचंच काय वाचायचं?
पण बाईच्या बाजूनं पुस्तक आणि टायपिंगला घरचीच बाई? लोक काय म्हणतील!
जेवताना जाहीर केलं की आजपासून तू टायपिंगमधून मुक्त. टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण मुलीला हसता हसता ठसका लागला. हिनं तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा जरा जास्तच आनंदानं विचारलं.

४ तारीख, गुरुवार
दुसरा संकल्प: हिला नावानं हाक मारायची. इतकी वर्षं 'अगं ए'वर भागवलं. सकाळी दिवाणखान्यातून नावानं हाक मारली. आली नाही. पुन्हा मारली. आतून विचारलं, कोणी आलंय का?

६ तारीख, शनिवार
घरकामाच्या वाटणीचा तक्ता करून फ्रिजवर लावला. माझ्याकडे: भांडी (रविवारी), देखरेख (रोज). संध्याकाळी पाहतो तर मुलीनं खाली भर घातलेली. बाबांचा चष्मा शोधणे. बाबांचा चार्जर शोधणे. बाबांना 'वा' म्हणणे. तिन्हींपुढे 'आई'. पोरीला विनोदबुद्धी आहे. माझ्यावर गेलीय.

७ तारीख, रविवार
भांडी घासली. एक कप, दोन बशा गेल्या. ही म्हणाली, राहू द्या. राहू दिलं. बाईच्या मताला मान द्यायचा म्हणजे द्यायचा.

११ तारीख, गुरुवार
टायपिंग. नऊ ते बारा, एका बोटानं, साडेचार ओळी. बोट सुजलं. ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वहीत काहीतरी लिहीत बसते हल्ली. किराण्याची यादी असावी, पण इतका किराणा? जोडाक्षर कसं काढायचं ते विचारलं. म्हणाली, मी मुक्त आहे. आणि अगदी मोकळं हसली.

१९ तारीख, शुक्रवार
प्रकरण पूर्ण! बरोबर वीस पानं. (अक्षर थोडं मोठं केलं.) शेवट असा: 'स्त्रीला स्वातंत्र्य देणे हे प्रत्येक पुरुषाचे कर्तव्य असून ते त्याने सवडीने पार पाडावे.' वाचताना स्वतःच्याच अंगावर काटा आला. रवाना.

२२ तारीख, सोमवार
संपादकबाईंचा मेल. विचारतात, हे तुम्हीच लिहिलंय ना? म्हणे वाचकांचा लाडका 'गृहस्थ' यात कुठेच नाही, उलट त्या गृहस्थानंच लिहायला घेतल्यासारखं वाटतं. छापता येणार नाही.
कोण गृहस्थ? मी कुठल्याही गृहस्थाबद्दल ओळ लिहिलेली नाही. बाई गडबडीत असतात, दुसऱ्या कोणाचा तरी मेल मला आला. दुर्लक्ष करायचं ठरवलं. रात्री जेवण गेलं नाही, ते पोट बिघडल्यामुळे.

२३ तारीख, मंगळवार
सकाळी ११. खात्रीसाठी मासिकाचे जुने अंक काढले. काय लेख आहेत! आणि तो गृहस्थ! बायकांच्या हक्कांवरचं भाषण पाठ करत करत बायकोपुढे इस्त्रीला शर्ट टाकतो. नायिकेच्या दुःखानं रडतो आणि रुमाल कुठाय म्हणून बायकोवर ओरडतो. पोट धरधरून हसलो. असतात असले नमुने.
दुपारी ४. छत्तिसावा लेख. सासूबाईंचं ऑपरेशन, बायको दवाखान्यात आणि हा घरी 'करुणा' या विषयावर लिहितोय. हिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी माझाही नेमका हाच विषय होता. योगायोग.
साडेपाच. गृहस्थाच्या डाव्या भुवईवर तीळ आहे. अंक मिटला.

२४ तारीख, बुधवार
माझे मूळ कागद ताडून पाहिले. हिनं सगळे फाइलला नीट लावून ठेवलेत. माझं वाक्य: 'स्त्री ही कोमल असून तिला स्वातंत्र्य दिले पाहिजे.' छापलेलं: 'देणारे आपण कोण, हे विचारायचं राहूनच जातं, कारण माइक देणाऱ्याच्याच हातात असतो.' मासिकाच्या समारंभात कोणीतरी हे वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं होतं. मी मान लववून टाळ्या घेतल्या होत्या.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग विचार केला, माझ्या मनातलंच तिनं ओळखलं असणार. जेवताना तसं म्हणूनही पाहिलं. ती म्हणाली, पहिल्या महिन्यात तुमचं अक्षर लागत नव्हतं म्हणून बदललं. दुसऱ्या महिन्यापासून लागायला लागलं, म्हणून बदललं.

२६ तारीख, शुक्रवार
संपादकबाईंचा हिला फोन, पाऊण तास. हिनं सगळं सांगून टाकलं. पुस्तक येणार, लेखिका म्हणून हिचं नाव. शेवटचं प्रकरणही हीच देणार. मी म्हणालो, नावाला एवढं काय महत्त्व? मुलगी म्हणाली, मग सहा वर्षं आईचं टाकायचंत.
चार दिवसांत वीस पानं हिला जमायची नाहीत. त्याला अनुभव लागतो. मदतीची तयारी ठेवली आहे. अजून कोणी मागितलेली नाही.

२८ तारीख, रविवार
रोजनिशी दोन दिवस सापडेना. ही अत्यंत गुप्त वही, त्यामुळे कुठे ठेवली ते आठवेना. शेवटी हिलाच विचारलं. कॉम्प्युटरशेजारून काढून दिली. तिथे कशी गेली कोण जाणे.

३० तारीख, मंगळवार, संध्याकाळ
हिनं वीस पानं माझ्यापुढे ठेवली. पहिली ओळ: '१ तारीख, सोमवार, सकाळी ७.'
कान तापले. उभा राहिलो, बसलो. ती म्हणाली, वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती. न विचारता वाचली, हे माझं चुकलं. आता विचारते. तुम्ही हो म्हणालात तर हे शेवटचं प्रकरण. नाही म्हणालात तर आत्ता फाडते, पुस्तक येईल पुढच्या वर्षी.
तिनं कागद खरंच दोन्ही हातांत धरले होते. बहात्तर लेखांखाली माझं नाव छापताना मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं. हो म्हणालो.
मग राहवेना. विचारलं, माझ्या लिखाणात या वेळी किती बदल करावे लागले?
ती म्हणाली, एका अक्षराचाही नाही.