शटरकडचा खांब

९ नोव्हें., रवि.
आजही गाळा नं. ४ मध्येच सराव. गोदामाला नवी पार्टी मिळेपर्यंत बाबांचा हा गाळा आमचा. बाबांची एकच अट, "माल उतरंल तवा हटायचं, तवर काय पलायचं ते पला." वडप्यात एवढी गुळगुळीत फरशी दुसरीकडे कुठे मिळणार? चाकांच्या स्केटवर मी आणि मैत्रीण रेहाना, चार खांबांभोवती, डावीकडे वळत वळत. आइस स्केटिंगचा खरा बर्फ डेहराडूनला. तिथे राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी तीन दिवस काय ते पाय लागणार. तोवर काँक्रीटलाच बर्फ म्हणायचं.
खांबांना चिंध्यांच्या जाड गुंडाळ्या आहेत, रेहानाच्या अब्बांच्या लूमवरच्या. दोन वर्षांपूर्वी ती शटरकडच्या खांबावर आदळली, खांद्याचं हाड मोडलं. त्यानंतर अब्बा धामणकर नाक्यावरून रिक्षात गाठोडी भरून स्वतः आले आणि चारही खांब स्वतःच्या हाताने गुंडाळले.
आज र. पुढे, मी मागे. रोजचंच.

१३ नोव्हें., गुरु.
आई चहा घेऊन गाळ्यात आली. थोडा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "एवरं पलून फिरून तिथंच येताव, मंग निंघायचं तरी कनाला गो?"
रेहाना हसून हसून फरशीवरच बसली.

१७ नोव्हें., सोम.
आमच्या कोच सरांचा ठाण्याहून फोन. महिलांच्या ५०० मीटरमध्ये जी पहिली येईल तिला परदेशात सरावाच्या कॅम्पला पाठवणार. एकीलाच.
र. ला सांगितलं. "चल, भिवंडीसे एक तो जाएगी!" म्हणाली. 'एक' म्हणजे कोण, हे तिने मनात धरलेलंच होतं. त्यात गर्व नाही, ती खरंच जास्त फास्ट आहे.
पण मला जायचंय. इथे लिहून ठेवते, तोंडाने म्हणवत नाही.

३ डिसें., बुध. डेहराडून
थंडी. नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं लागतं. आईने डब्यात सुका जवळा दिलाय. हॉस्टेलवर डबा उघडला आणि वासाने पंजाबच्या दोघी खोली सोडून गॅलरीत गेल्या. रेहाना आणि मी सगळा संपवला.
बर्फावर पहिला तास नुसता पडण्यात. मग पायांना आठवलं. चाकांचा खडखडाट नाही, ब्लेडचा करकर आवाज फक्त. इथे वळणावर खांब नाहीत, रबराचे छोटे ठोकळे. हात लागला तर घसरत लांब जातात, कुणाला काही होत नाही.

४ डिसें., गुरु.
सरांनी सरावाचा व्हिडिओ काढला, मला बघायला दिला. माझे पाय बघायचे होते, बघत राहिले र. चे.
पहिल्या वळणावर ती ठोकळ्यांना चिकटून जाते, डावा हात बर्फावर. दुसऱ्या वळणातून निघताना बाहेर सरकते. प्रत्येक फेरीत तिथेच. परत लावून पाहिलं. गाळ्यात इथेच शटरकडचा खांब येतो, त्यालाच ती वळसा घालतेय. इथे खांब नाही, तरी घालतेय!
सर म्हणाले, "दमत असेल." सरांनी आमचा गाळा पाहिलेलाच नाही.
आमची शर्यत घड्याळाशी नसते, चौघी एकदम सुटतात. पुढचीने आत जागा सोडली तरच मागची घुसू शकते. आणि ही जागा या अख्ख्या रिंकवर फक्त मला माहीत आहे.
खांबाचं सरांना काही बोलले नाही. र. लाही नाही. जेवताना तिने स्वतःच्या ताटातला पापड मला दिला.

५ डिसें., शुक्र.
आईचा फोन. गावदेवीला नारळ फोडला म्हणाली. विचारलं, कोणाच्या नावाने?
"दोघींच्या नावान, येकच."
म्हटलं, अगं, पहिली एकच येते.
"त्यं म्हाईत हाय मला. पन देवीला कनाला गोंधलात टाकायची?"
देवी सुटली. मी मात्र गोंधळातच. सांगितलं तर ती जागा बंद करेल आणि मग तिला कुणी गाठणार नाही. नाही सांगितलं तर… तेही काही फार चांगलं दिसत नाही.

६ डिसें., शनि.
सेमी. आम्ही दोघी एकाच गटात, पहिल्या दोन फायनलला. शेवटच्या फेरीला र. पुढे, मी तिच्या पाठीला चिकटून. दुसरं वळण. जागा उघडली, म्हैस जाईल एवढी. मी आत वळले आणि पुन्हा मागे झाले. दुसरी आले.
सर खूश. "डोकं वापरलंस, उगाच धोका घेतला नाहीस." मान हलवली. डोकंबिकं काही नव्हतं. तिला ओलांडायला हातपाय तयार होते, मन झालं नाही.

तीच संध्याकाळ
चहाच्या टपरीवर र. ने पकडलं.
"अंदर क्यों नहीं आई?"
"कुठे?"
"भोळी बनू नको. दुसऱ्या टर्नला. तुझ्या ब्लेडचा आवाज आला मला. जवळ आली आणि मागे गेली."
म्हटलं, दुसरी येऊनही फायनल मिळतच होती.
"हां, ये सर को सुना." मग ग्लास फिरवत म्हणाली, "मला माहितीये मी बाहेर जाते. खंभा नहीं है, दिमाग को मालूम है. पाय ऐकत नाहीत."
मी चकित. माझ्या पोटातलं गुपित तिच्याकडे आधीपासून होतं, आणि मी दोन दिवस उगाच जळत होते.
"उद्या ये," म्हणाली. "मी बंद करायचा ट्राय करणार. पण तू ये. मेहरबानी नहीं चाहिए मुझे."
"आणि मी आत घुसले आणि तू बंद केलंस तर?"
"तो दोनों गिरेंगे. और क्या!"
और क्या म्हणे. पडलं तर दोष आत घुसणारीचा, नियमच तसा. ती गेली चहा संपवून. मला राग आला, खूप राग आला. मी तिच्यावर दया केली याचा तिला राग, आणि तिला माझी जराही भीती वाटत नाही याचा मला.
रागात बरं वाटतंय. हे नवीनच.

७ डिसें., रवि., सकाळी
फायनल थोड्या वेळात. आम्ही दोघी, एक लडाखची, एक हरियाणाची. सरांनी आठवण करून दिली की त्या दोघीही पळायलाच आल्यात. खरं सांगायचं तर विसरलेच होते.
नाश्त्याला बसले तेव्हाही र. चा राग होताच. पण चटणी पुढे सरकवली तिने.
सरांना शेवटी सांगितलं, मी दुसऱ्या वळणावर आत जाणार. ते म्हणाले, "जागा नसली तर?" म्हटलं, नसली तर नसली, ते तिथे गेल्यावरच कळणार.
भीती वाटतेय. तिला पाडण्याची जास्त, हरण्याची त्याहून थोडी कमी. दोन्ही घेऊनच उतरायचं आहे.
पुकारा झाला. र. दारात हेल्मेट घालून उभी. "चल ना, कितना लिखती है!"
जाते. आज तिला सांभाळून घ्यायचं नाही. जागा दिसली की आत.