साडेसहा अंश उजवीकडे

७ सप्टेंबर १९८७, सरस्वतीपुरम
आजपासून रोजनिशी. पुढे चरित्रकाराला उपयोगी पडेल. आमचे गाइड वासुदेवराव सर आज सगळ्यांदेखत म्हणाले, दसऱ्याच्या सुट्टीनंतर लगेच रीडिंग दाखवा, नाहीतर विषय वरलक्ष्मीला देतो. माझ्या ज्युनिअरला! चार वर्षं घासली मी त्यावर. अर्थात ती वेळ येणारच नाही.

८ सप्टेंबर
काम सोपं आहे. माझं अमिनो आम्ल डावं-उजवं मिसळलेलं. एन्झाइम फक्त डाव्यालाच फोडतं, उजवं शिल्लक राहतं. ते वेगळं काढून प्रकाश किती अंश वळतो ते पोलरिमीटरमध्ये बघायचं. मिश्रणातून प्रकाश सरळच जातो; वळला की जिंकलो.
संकल्प: सकाळी सातला लॅब.

९ सप्टेंबर, सकाळी साडेदहा
बस चुकली. एन्झाइम सदतीस डिग्रीत रात्रभर ठेवतात म्हणे. एवढा वेळ कुणाला आहे? सत्तरवर ठेवलं. डबा खाईपर्यंत फत्ते.

१४ सप्टेंबर
रीडिंग शून्य. एन्झाइम भेसळीचं.

२१ सप्टेंबर
शून्य. वरलक्ष्मी म्हणाली, तापमान कमी करून बघा. आता हिने मला शिकवायचं! दोष व्होल्टेजचा.
संकल्प: राग आवरणे.

२८ सप्टेंबर
शून्य!! वैताग आलाय. पोलरिमीटरच बिघडलाय, असं सरांना ठणकावून सांगितलं (मनात). वरलक्ष्मीने नळीत साखरपाणी भरून तपासलं. म्हणे यंत्र ठीक आहे. साखरेने काय, कुणीही प्रकाश वळवेल.

३० सप्टेंबर
उद्या आयुधपूजेची सुट्टी, म्हणून लॅबची पूजा आजच. सीनिअर म्हणून मीच केली. यंत्रांना कुंकू, शेवंती. भरलेल्या नळ्याही पुसून ओळीने मांडल्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या गबाळ्या दिसत होत्या, त्या काढून टाकल्या. देवीपुढे नीटनेटकं असावं.

३ ऑक्टोबर
वळला! साडेसहा अंश, उजवीकडे! सरांनी स्वतः डोळा लावून पाहिलं, पाठ थोपटली. सोमवारी विभागात माझं व्याख्यान. आईने कानडीत 'अय्यो, हौदा?' (अगं बाई, खरंच?) म्हणत मैसूरपाक केला. वरलक्ष्मीची मोठ्या मनाने समजूत घातली.

५ ऑक्टोबर, दुपारी
नळीच्या बुचाला मुंग्या लागल्यात. उजवी अमिनो आम्लं बरेचदा चवीला गोड असतात. म्हणजे शुद्धतेचा आणखी एक पुरावा! व्याख्यानात मुंग्यांचा उल्लेख करणार.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी
केला. मागच्या बाकावरून वरलक्ष्मीने अगदी नम्रपणे विचारलं, माझी साखरपाण्याची नळी कुणी पाहिली का? सरांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. घरी मैसूरपाक अजून उरलाय. बघवत नाही.

६ ऑक्टोबर
विषय वरलक्ष्मीकडे गेला. तिने सदतीस डिग्रीत ठेवलंय. रात्रभर.

८ ऑक्टोबर
प्रकाश वळला. तिचा. मला सरांनी नळ्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलंय.
संकल्प: अक्षर सुधारणे.