शोएबने आणलेलं शहाळं

१२ मे, मंगळवार. हॉस्पिटल
१. काल दुपारी कंपनीत चक्कर आली.
२. लाइनवरच्या शोएबने गेटवरून शहाळं आणलं. "घ्या मॅडम, ऊन लागलंय."
३. डायलिसिसवर असलेल्याला शहाळं चालत नाही. पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं. मला माहीत होतं.
४. सगळं प्यायले.
५. तासाभरात ठोके बिघडले. मी कोसळले. रात्री तातडीने डायलिसिस.

नको म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं. चाकणच्या कंपनीत कोणालाच माहीत नाही. डायलिसिसच्या संध्याकाळी 'क्लास' असतो, सुया टोचून आलेली हाताची सूज लपवायला लांब बाह्या. प्रोबेशन अजून संपायचंय.

१४ मे
डायलिसिस सेंटर. तिथल्या नर्स सुमनताईंनी वजनकाटा बघितला. "इंजिनिअर बाई, पाणी मोजून पिता की अंदाजाने?"
मी मायक्रॉनमध्ये मोजमाप करते. पाणी — अंदाजाने!
बाटलीवर खूण केली. दिवसाला तेवढंच.

१६ मे, शनिवार
कामावर गेले. शोएब दिसला नाही. त्याच्यासोबत लाइनवर असणारा ज्योतीराम म्हणाला, "त्याला घरी बसवलाय. सेफ्टीवाले विचारत होते, मॅडमला काय पाजलंस रे? आधी हसला. मग रडायलाच लागला, राव."
तो कंत्राटी. त्याच्या बाजूने बोलणारं कोण?
मी म्हणाले, "अच्छा."
अच्छा!

रात्री आईला सांगितलं. ती माझ्यासाठी बटाटे चिरून, पोटॅशियम उतरावं म्हणून पाण्यात घालत होती. "आजार काय चोरीचा माल आहे, लपवायला? आणि धरलं कोणाला, तर त्या पोराला!"
नंतर जेवलीच नाही.

१७ मे
फोन मी करायला हवा होता. त्याने केला.
"मॅडम, बऱ्या आहात ना? माझंच चुकलं. थंड होतं, बाधलं असेल."
"नाही रे," एवढंच म्हणाले. पुढे बोलता आलं नाही.
खोटं. आलं असतं. बोलले नाही.

१८ मे, सोमवार
मॅनेजरना आत्ता पाठवलं:
"माझ्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, ते आता कायमचं. शहाळं मला वर्ज्य आहे हे मला माहीत होतं, शोएबला नव्हतं. त्याला कामावर परत घ्यावं. मला कायम पहिली शिफ्ट द्यावी. दोन्हीबाबत शुक्रवार, २२ मेपर्यंत लेखी कळवावं. — मिनल"