सोफा खिडकीतून जात नाही

आदरणीय मामांना भाचीचा वाकून नमस्कार (वाकायला आमच्या खोलीत जागा उरलेली नाही, का ते पुढे कळेल). तुमची कंबर कशी आहे? दिवसभर लोकांची कपाटं इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाने कंबर जपावी, असं आई म्हणते. पत्रात तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणावं, असंही तीच म्हणते. इकडे सर्व खुशाल असं लिहायचं असतं, पण इकडे काहीच खुशाल नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, माझी एकुलती एक मैत्रीण बोलत नाही, आणि स्वयंपाकघरात जायला आम्हाला सोफ्यावर चढून पलीकडे उतरावं लागतं.

तर झालं असं. माझी शाळा कशी आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे ‘सुट्टीत कुठे जाणार’ असं विचारतात, ‘जाणार का’ असं कुणी विचारत नाही. फी अर्धी माफ असलेल्या मुलीशेजारी आपणहून बसणारी तिथे ही मैत्रीण एकच. पूर्वी गाडीने यायची, हल्ली चालत येते. मी म्हटलं, असेल, श्रीमंतांना व्यायामाचं खूळ लागतंच. पण तिने मला घरी कधी नेलं नाही. विचारलं की घरात रंगकाम चालू आहे म्हणायची (एवढ्या रंगात अख्खी शाळा रंगवून झाली असती). मला घरी न्यायची तिला लाज वाटते, असं मी मनात धरून बसले. मग एक दिवस तोऱ्यात मीच तिला आमच्याकडे बोलावलं. बोलावून झाल्यावर आठवलं की आमच्याकडे बसायला एक खाट आणि दोन पत्र्याच्या खुर्च्या आहेत, त्यातलीही एक दुकानातून वर आणलेली.

बाबा दुसऱ्यांच्या सोफ्यांना नवं कापड चढवतात आणि घरात सोफा नाही, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. नेमके तेव्हा बाबा कापड आणायला बाहेरगावी गेले होते आणि खाली दुकानात एक ऐसपैस जुना सोफा नव्या हिरव्या कापडात तयार होता. कुणाचा, ते मला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईकाचं नाव दुकानातून वर घरात येत नाही, हा बाबांचा नियम. दुकानातल्या कारागीर काकांच्या हातापाया पडून, एका संध्याकाळपुरता, मी तो वर चढवायला लावला. जिन्याच्या वळणावर तो अडकला म्हणून त्याचे पाय काढले आणि वर आल्यावर मी ते पुन्हा बसवले. हातोडीने. (पाय स्क्रूचे होते.) आता ते काही केल्या निघत नाहीत, आणि पायांसकट सोफा जिन्यातून उतरत नाही.

ती आली, कोपऱ्यात बसली, आणि न बघता तिचा हात सोफ्याच्या लाकडी हाताखाली गेला. तिथेच थांबला.

“छान आहे,” ती म्हणाली. “कधी घेतला?”

“घेतला नाही गं. आमच्या आजोबांच्या वेळचा आहे.”

(आमचे आजोबा जन्मभर सतरंजीवर बसले.) ती पाण्याचा घोटही न घेता उठून गेली. नंतर मी खाली वाकून पाहिलं. लाकडावर कर्कटकाने कोरलेलं एक लहानसं मांजर होतं. ती प्रत्येक वहीच्या कोपऱ्यात काढते, तेच. मामा, मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणीपर्यंत जायलाही मध्ये सोफा. दुसऱ्यांच्या वस्तूवर मिरवणारी म्हणून तिने मला ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर बसते. बाबा परत आले, सोफा पाहिला, आणि तेव्हापासून त्याच्यावरच बसून मुक्याने जेवतात. त्यांच्यासमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

तेव्हा हात जोडून विनंती, की टेम्पो, जाड दोर आणि दोन दणकट माणसं घेऊन या आणि सोफा खिडकीतून खाली उतरवा. तो तिच्या घरी पोचवून मी माफी मागणार आहे.

तुमची, तोंड दाखवायला जागा नसलेली,
भाची

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी बाबांच्या हाती लागलं आणि ते बोलले. “पोचवणार कुणाकडे? त्यांनी विकलाय तो मला. कपाटांसकट.” गिऱ्हाईकाबद्दल ते जन्मात पहिल्यांदा बोलले. तिच्या घरच्यांचा बंगला गेला, आजोबांच्या वेळचं सामान विकावं लागलं, आता ते दोन खोल्यांत राहतात. आमच्या सोफ्याला एका डॉक्टरांचा दवाखाना ठरला आहे आणि त्यातूनच माझी उरलेली फी भरायची आहे. म्हणजे तिच्या आजोबांचा सोफा मी तिलाच माझ्या आजोबांचा म्हणून दाखवला. माझ्याएवढी मूर्ख मुलगी तुमच्या घराण्यात झाली नसेल.

ता. क. दुसरा. आज ती आली. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, “राहू दे. थोडा वेळ बसू का इथे?” पाय वर घेऊन कोपऱ्यात अभ्यासाला बसली आणि बसल्या जागी झोपली. आईने तिच्यावर चादर घातली. बाबा पाने-पक्कड घेऊन सोफ्याचे पाय सोडवायला वर आले होते, ते तसेच चपला हातात घेऊन खाली गेले. दोन खोल्यांत तिला अभ्यासाला जागा नाही, उद्याही येऊ का म्हणते. डॉक्टर परीक्षेपर्यंत थांबतील, पण बाबांना घाई आहे, पाय मोडल्याशिवाय निघणार नाहीत तर खिडकीतूनच उतरवू म्हणतात, आणि सामानाच्या बाबतीत ते तुमचाच शब्द मानतात. म्हणून दोर आणू नका, एकटेच या, मापं घ्या, मान हलवा आणि सोफा खिडकीतून जात नाही असं त्यांना ठासून सांगा.

(जातो. मी टेप लावून पाहिलंय.)