दोन घरांची खाज

१२ डिसेंबर, शुक्रवार
धुकं. ऊन म्हणून काही निघालंच नाही. रात्री परत खाज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला नाडीच्या जागी. शेजारी मिनूही कराकरा खाजवत होती. सकाळी खोबरेल तेलात कापूर घालून दोघींना चोळलं. इथली थंडीच कोरडी. लखनौत निम्मं आयुष्य गेलं, तरी कोल्हापूरच्या कातडीला ती काही मानवत नाही. नात म्हणते, "आजी, और नीचे." मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

१५ डिसेंबर, सोमवार
निखिलने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. दुकानदाराने हात बघितला नाही की काही विचारलं नाही. "दाद-खाज सबमें चलती है" म्हणे. लावली. रात्री छान झोप. मुलगा कधी नव्हे ते कामाचं काहीतरी घेऊन आला.

१८ डिसेंबर, गुरुवार
ट्यूबची जादू संपली. खाज दुप्पट. मिनूच्या पोटावर पुरळ, म्हणून सूनबाईने, शिप्राने, ऑफिसला सुट्टी टाकली आणि आम्हा दोघींना हजरतगंजला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी. भिंगातून माझी बोटं पाहिली, मिनूची पाहिली आणि म्हणाली, स्कैबीज. म्हणजे आपली खरूज!

खुर्चीतून पडायचीच बाकी होते. दोन वेळा लादी पुसून घेणारी बाई मी. ती म्हणाली, स्वच्छतेचा काही संबंध नाही. डोळ्यांना दिसत नाही एवढा किडा कातडीत शिरतो, बराच वेळ अंगाला अंग लागलं की दुसऱ्याकडे जातो. जवळ घेऊन झोपणं, हात धरून बसणं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्याने खाज तेवढी दबली, किडा मजेत राहिला. कापूरतेलाचं सांगितलं तर हसली.

उपचार सोपा. मानेपासून तळपायापर्यंत मलम, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी झोपताना, खाज असो नसो. सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा. मूल ज्यांच्याकडे झोपलं असेल त्यांनीही. मी विचारलं, आणली कुणी? ती म्हणाली, "पता लगाकर क्या कीजिएगा, आंटी? इलाज तो सबका एक ही है."

घरी आल्यावर शिप्राने हॉलमध्ये मिनूची गादी घातली. "कुछ दिन अलग सोएगी, मम्मी." चांगल्या शब्दांत म्हणाली. मीही चांगल्या शब्दांत ठीक आहे म्हटलं. ठीक वगैरे काही नाही. हे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, पोरगी माझ्याजवळ झोपते. तिची सवय मोडली तर माझं कसं व्हायचं?

२० डिसेंबर, शनिवार
मलम कपाटात पडून आहे. अडलंय तेलीबागपाशी. म्हणजे शिप्राच्या माहेरी. दिवाळीत मिनू तिथेच होती, नानीच्या रजईत. त्यांनी लावलं नाही तर पुन्हा फेरा सुरू. पण सांगणार कोण? शिप्रा म्हणते, मी नाही. "माँ को लगेगा ससुराल वाले इल्ज़ाम लगा रहे हैं." निखिल म्हणाला, आई, हे तुम्ही बायकांनीच बघा. आणि सब्जी आणायला गेला. फ्रीज भरलेला होता.

खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी तेलीबागला कधीच दोषी ठरवून टाकलं होतं. त्यात थोडं बरंही वाटत होतं. विहीणबाई फार टापटिपीच्या. आमच्या घरी आल्या की बसायच्या आधी सोफ्यावरून हात फिरवतात.

२१ डिसेंबर, रविवार
शेवटी मीच गेले. ऑटोवाल्याने सगळं शहर फिरवून तेलीबागला सोडलं, नाक गारठलं. विहीणबाई ओल्या मटारचा निमोना करत होत्या. अंगावर शाल, गॅससमोरही मनगटांपर्यंत ओढलेली. आधी तब्येती झाल्या, मग थंडी झाली, मग पुन्हा तब्येती. म्हटलं असं चाललं तर इथेच संक्रांत यायची.

सरळ म्हणाले, "समधन जी, हमारे घर में खुजली हुई है. मुझे भी है, मिनू को भी."

त्यांनी पळी खाली ठेवली. मग गॅस बंद केला आणि शाल मागे सारली. दोन्ही मनगटं ओरबाडलेली.

"हमें तो महीने भर से है," म्हणाल्या. "डर के मारे बताया नहीं. आप लोग कहते, मायके से लगा लाई."

मी म्हटलं, म्हणणारच होते. त्या आधी बघत राहिल्या, मग अशा हसल्या की पाणी प्यावं लागलं. मीही. त्यांचाही उपाय कापूरतेलच निघाला. पहिली कुणाकडून आली ते दोघींनीही काढलं नाही. निमोना पोटभर जेवले. बुधवार ठरला, दोन्ही घरं एकदम. घरी येऊन शिप्राला सांगितलं तर तिने मोठा श्वास सोडला, आणि निखिलकडे असं पाहिलं की तो उठून चहा करायला गेला.

२४ डिसेंबर, बुधवार
मोहीम. जेवणं लवकर. नखं कापली. मिनूला शिप्राने लावलं. ती भूत भूत करत घरभर पळाली. मी माझ्या खोलीत दार लावून. मान, काखा, नखांखाली, पायाच्या बोटांमध्ये. गुडघे कुरकुरले, पण जमलं. पाठ राहिली. ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं होतं.

मग उलथन्याला मऊ फडकं गुंडाळलं, त्यावर मलम. निम्मं भिंतीला लागलं. एवढ्यात शिप्राची टकटक. "मम्मी, पीठ का क्या करेंगी आप?" म्हटलं, झालं. ती आत आलीच. भिंत पाहिली, उलथनं पाहिलं, हसू दाबलं. "घूमिए," म्हणाली.

मलम गार, हात गरम. खांद्यापासून खालपर्यंत, घाई नाही. "निखिल के भी ठीक यहीं तिल है," म्हणाली. मला माहीतच नव्हतं माझ्या पाठीवर तीळ आहे. ह्यांनी कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल. हे गेल्यापासून पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले. ती मागे होती ते बरं झालं. नंतर तिची पाठ बघितली. निखिलने लावलं होतं, पण कमरेशी एक पट्टा कोरडाच. तो मी भरला.

झोपायच्या आधी तेलीबागचा फोन, "लगा लिया?" व्याह्यांनी तळपाय सोडले होते म्हणून तिकडे भांडण चालू.

२५ डिसेंबर, गुरुवार
धुणं, धुणं, धुणं. गरम पाण्यात चादरी, स्वेटर, मिनूची टोपी. रजया मोठ्या पिशव्यांत बांधून ठेवल्या, किडे आत उपाशी मरायला. उन्हाचा पत्ता नाही, गच्चीभर ओले कपडे. समोरच्या भाभींनी विचारलं, घर में शादी है क्या. सांगून टाकलं, खुजली है. त्या दोन पावलं मागे सरकल्या. मग हळूच विचारलं, डॉक्टर कौन सी हैं?

३१ डिसेंबर, बुधवार
दुसरा हात. सगळं लखनौ पार्टीला, आम्ही मलम फासून घरी. पाठीची वेळ झाली तशी शिप्रा न बोलावता आली. तेलीबागशी व्हिडिओ कॉल. विहीणबाईंनी मनगट कॅमेऱ्याला चिकटवून दाखवलं. काही दिसलं नाही, तरी आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

निखिलने मिनूला छोटा पलंग आणलाय. डॉक्टर म्हणाली, आता जवळ झोपवायला हरकत नाही. मी लगेच उशी मांडली. बाईसाहेब म्हणाल्या, "कल, आजी. आज मेरा नया घर है." पोरगी पलंगात लोळत होती, इतकी खूश की रागावता येईना.

९ जानेवारी, शुक्रवार
'कल' चालूच. दुपारी माझ्याकडे लोळते, गोष्ट ऐकते, रात्री आपल्या घरी. मी बोलावत नाही. येईल तर येईल. पलंग मोठा वाटतो, पण झोप लागते. हे नवीनच.

कमरेला अजून थोडी खाज. डॉक्टरने सांगितलं होतं, किडे मेले तरी खाज काही आठवडे राहते, घाबरून पुन्हा पुन्हा मलम फासू नका. नवा पुरळ आला तर मात्र या. म्हणजे ही जुनी की नवी, ते थांबल्याशिवाय कळायचं नाही. विहीणबाईंचंही तेच. रोज फोन करून दोघी आपापली खाज सांगतो.

पाठ मला दिसत नाही, म्हणून शिप्रा ऑफिसातून आली की मोबाइलचा टॉर्च लावून बघते. आजही बघितलं. म्हणाली, "कुछ नया नहीं है, मम्मी. खुजली कहाँ हो रही है?"

म्हटलं, जरा खाली. मग म्हटलं, जरा डावीकडे.

तिथे खाज नव्हतीच.