मेयरचं पाणी

६ ऑक्टोबर, रविवार
तळघरात पाण्यातले क्षार काढून ते मऊ करणारं यंत्र बसवलं. एकट्यानं, प्लंबर न बोलावता. डोलोरेस तीन वर्षं मागे लागली होती. भांड्यांवर पांढरे डाग, केसांचा झाडू वगैरे. आता घरभर मऊ पाणी. फक्त किचनचा थंड पाण्याचा नळ मुद्दाम वगळला. मऊ पाण्याची कॉफी मी पीत नाही. बायकोसाठी काहीही करीन, पण कॉफी ती कॉफी.

९ ऑक्टोबर
तळघरातल्या नळाच्या पाण्यानं माशांच्या टँकचं अर्धं पाणी बदललं. लेक ॲनलीस कॉलेजला गेली, तिचे पाच मासे माझ्यावर सोपवून. आफ्रिकेतल्या टांगानिका तळ्यातले. यांना जड, क्षारांचं पाणीच लागतं. सगळ्यात थोरला मेयर: वय बारा, कपाळावर टेंगूळ, चेहऱ्यावर सतत नाराजी. ती सहा वर्षांची असताना आणलेला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येशील तेव्हा पाचही ठणठणीत असतील, असा शब्द दिलाय.

१३ ऑक्टोबर
पाण्याचा जडपणा मोजला. नळीतल्या पाण्यात किटचे थेंब टाकत जायचं, केशरीचं हिरवं झालं की थांबायचं; थेंब जितके जास्त, तितकं पाणी जड. पूर्वी अठरा थेंब लागायचे. आज नवव्यालाच हिरवं. किट खराब. नवं मागवलं.

१९ ऑक्टोबर
पुन्हा अर्धं पाणी बदलून नवं किट वापरलं. पाच थेंब. हल्ली कंपन्या सगळ्या सारख्याच.

२० ऑक्टोबर
शेजारचा गस कुंपणाशी आला. आमच्या फिश क्लबचा अध्यक्ष, त्यामुळे जगाला शिकवायचा हक्क. म्हणाला, व्हर्न, त्या यंत्रानं पाण्यातला जीव काढून घेतलाय, अंगणातल्या नळाचं पाणी भर, तो यंत्राला जोडलेला नसतो. मी म्हटलं, थंडीत गोठू नये म्हणून तो परवाच बंद केला. मग म्हणाला, अरे, घरातला एखादा तरी नळ वगळला असशील ना? मी म्हटलं, मी कामं अर्धवट करत नाही.
बघ बाबा, म्हणाला. त्याचं ते 'बघ बाबा' मला आवडलं नाही.

२४ ऑक्टोबर
स्वतःचा उपाय. एप्सम सॉल्ट, खाण्याचा सोडा, प्रवाळाचा चुरा. मूठमूठ. पंधरा थेंब! पुस्तकात म्हणे हळूहळू घाला, एकदम बदल माशांना सोसत नाही. पुस्तकवाल्यांना वेळ भरपूर.

२७ ऑक्टोबर
पाणी बदललं. सात थेंब. पुन्हा मुठी. अठरा.
एक मासा गेला. वयोमानानं. (वय तीन.)

१ नोव्हेंबर, शुक्रवार
डोलोरेसबरोबर फिश फ्रायला, शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला गेलो. प्लेट समोर आली आणि भूकच गेली.

१० नोव्हेंबर
आणखी दोन. मेपलच्या झाडाखाली पुरले. जमीन घट्ट व्हायला लागलीय.
ॲनलीसचा फोन. सगळे मजेत, म्हटलं. म्हणाली, बाबा, मेयरला दाखव ना. तळघरात सिग्नल नाही म्हणून सांगितलं. सिग्नल पूर्ण होता.

१७ नोव्हेंबर
चौथाही गेला. टँकवर पडदा सोडून ठेवलाय, डोलोरेसला दिसू नये म्हणून.

२२ नोव्हेंबर
मेयर भिंतीकडे तोंड करून उभा असतो. माझ्या हातून खात नाही. बारा वर्षं खायचा. आज मला भीती वाटली. उद्यापासून शिस्त: मुठी बंद, सगळं मोजून.

२७ नोव्हेंबर, सकाळ
ॲनलीस संध्याकाळी येतेय. पाणी बदललं, तर थेंब पाचच. सॉल्ट, सोडा, चुरा दोन मग भरून सगळं एकदम ओतलं. अठरा! मोजून अठरा. जिंकलो.

दुपारी ४
मेयर तळाशी आडवा. विश्रांती घेतोय.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
काल ती बॅग न ठेवताच खाली आली. मेयरला दोन्ही हातांत धरून बसली. रडली नाही. बाकीचे कुठेत, हेही तिनं विचारलं नाही. पाणी कुठलं घालत होतास, एवढंच विचारलं. मी तळघरातला नळ दाखवला.
ती वर गेली. किचनच्या थंड नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि मोठ्यानं थेंब मोजत गेली. अठराव्याला हिरवं झालं. म्हणाली, हा नळ कधीपासून असा? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. कॉफीसाठी.
सकाळी जमीन गोठलेली. गस कुदळ घेऊन आला, खड्डा खणला, 'बघ बाबा' म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.
डोलोरेसनं माझ्यापुढे कॉफी ठेवली. ॲनलीस समोरच बसली होती. प्यायलो नाही.