पाटे वाढवलेली पिकअप

मंगळवार, संध्याकाळी सात

आज मी कैलासला मारलं. आधी हेच लिहून टाकते.

तो करमाडचा. आमच्या कारखान्याचा माल स्वतःच्या पिकअपमधून नेतो. गाडीची क्षमता दीड टन; आज काट्यावर लोखंडी प्लेटा भरल्या सव्वादोन टन. गेटपास मीच लिहिते; मी तो अडवला.

"म्याडम, पाटे वाढवलेत. बघा, जरा तरी बसली का गाडी?"

बसली नव्हती. फसगत होते ती इथंच. स्प्रिंगला जादा पाटे टाकले की गाडी ताठ उभी राहते, पण ब्रेक तेवढेच राहतात. जालना रोडवर कुणी आडवं आलं तर प्लेटा केबिन फोडून तुझ्या पाठीत घुसतील, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

"तुम्ही कागदावर गाडी चालवता," म्हणत त्याने गाडी चालू केली. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढली. त्याने माझं मनगट पिरगाळलं. मी दुसऱ्या हातातला गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कानशिलावर हाणला. दोनदा.

पहिला फटका मनगट सोडवायला. दुसरा? मनगट तेव्हा सुटलेलं होतं.

रक्त कॉलरवर उतरलं. मग त्याने मुकाट्याने हमाल बोलावून निम्म्या प्लेटा उतरवल्या.

कारखान्याच्या साहेबांनी त्याच्या कानाजवळच्या जखमेचं विचारलं. "गाडीचा मागचा फाळका लागला, साहेब," कैलास म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "व्हय की नाय, म्याडम?"

मी "हो" म्हणाले, आणि उतरवलेल्या प्लेटांसाठी त्याच्या दुसऱ्या खेपेचा पास लिहायला घेतला.